पत्ता नसलेली घरं

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत घरोघरी फायबरची वायर पोहोचू लागल्यापासून एक तक्रार माझ्याकडे ठरलेल्या शब्दांत येते. ‘सर, स्पीड टेस्टला चाळीस दाखवतं, यूट्यूब कुठे अडत नाही, पण टोरंट लावला की रांगतो.’ त्याला जोडूनच पुढचा प्रश्न : ‘फायरवॉल बंद करून टाकू का?’ कुठल्यातरी व्हिडिओत तसं सांगितलेलं असतं. या भागातल्या काही शाळांचे आणि ओळखीपाळखीच्या घरांचे संगणक मी सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न आसनगावहूनही येतो आणि टोकावड्याहूनही. उत्तर एका वाक्याचं आहे. बंद करू नका, फायदा तर होणार नाहीच, नुकसान मात्र होऊ शकेल. पण फायदा का होणार नाही हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं. तसं मागे गेलं की दिसतं, की मूळ अडचण फायरवॉलची कमी आणि पत्त्याची जास्त आहे.

आधी एक साधा गोंधळ दूर करू. स्पीड टेस्ट जे ‘चाळीस’ दाखवते ते मेगाबिट असतात, टोरंटचं सॉफ्टवेअर मेगाबाइट दाखवतं. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे ४० चा प्लॅन असेल तर टोरंटमध्ये जास्तीत जास्त ५ च दिसणार, आणि ते दिसत असतील तर तुमचं सगळं उत्तम चाललं आहे. या वेगाने ६ जीबीची फाइल साधारण २० मिनिटांत उतरते. माझ्याकडे येणाऱ्या काही तक्रारी इथेच मिटतात. उरलेल्यांसाठी पुढचा लेख.

टोरंट म्हटलं की चोरून उतरवलेले सिनेमे, अशी त्याची ख्याती आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. कॉपीराइट असलेली गोष्ट अशी उतरवणं बेकायदा आहे. शिवाय टोरंटमध्ये तुमचा इंटरनेट पत्ता त्या फाइलीच्या घोळक्यातल्या प्रत्येकाला दिसतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं. पण ही पद्धत स्वतः काही चोरीची नाही. उबुंटू, डेबियन यांसारख्या मोफत लिनक्स प्रणाली अधिकृतपणे टोरंटने दिल्या जातात. इंटरनेट न लागता वाचता येणारी विकिपीडियाची प्रत ‘किविक्स’वाले टोरंटने देतात. तीत मराठी विकिपीडियाही असतो, आणि चित्रांसह अख्खा इंग्रजी हवा असेल तर तो शंभर जीबीच्या घरात जातो. इंटरनेट आर्काइव्हवरच्या जुन्या पुस्तकांनाही टोरंटचा पर्याय असतो. शाळेतल्या दहा-बारा वर्षांच्या म्हाताऱ्या संगणकांवर लिनक्स आणि किविक्स बसवणं, हे माझं यातलं मुख्य काम.

आणि आपल्या भागात टोरंटचा एक फायदा शहरातल्या माणसाला सुचणारही नाही. वीज. ब्राउझरमधून पाच जीबी उतरवताना चार जीबीवर लाइट गेली तर पुष्कळदा पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. टोरंटमध्ये फाइलीचे शेकडो-हजारो तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा आधीच नोंदलेला असतो. तुकडा आला की ठसा पडताळायचा, जुळला तर ठेवायचा, नाही तर टाकून परत मागवायचा. लाइट चार वेळा गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. पावसाळ्यात डोळखांब किंवा धसईकडे राहणाऱ्याला याची किंमत सांगावी लागत नाही.

ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००१ मध्ये बिटटोरंट ही पद्धत आणली. तिची मुख्य कल्पना आपल्याकडच्या शेतकऱ्याला पटकन कळेल, कारण ती सावडीची आहे. भाताच्या लावणीला आज तुमच्या घरची चार माणसं माझ्या खाचरात, उद्या माझी चार तुमच्या. टोरंटमध्ये फाइल एका मोठ्या सर्व्हरवरून येत नाही. ती ज्यांच्याकडे पूर्ण किंवा अर्धीमुर्धी आहे ते सगळे आपापल्याकडचे तुकडे एकमेकांना देतात. मूळ पद्धतीत प्रत्येक संगणक एका वेळी साधारण चारच जणांना माल देतो, आणि दर दहा सेकंदांनी हिशेब करतो, की मला सगळ्यात जास्त कोण देतंय? त्यांना प्राधान्य. दर तीस सेकंदांनी मात्र एका नव्या माणसाला काही न मागता थोडं देऊन बघतो, कारण नवख्याकडे सुरुवातीला द्यायला काहीच नसतं. ज्याच्याकडे फाइल पूर्ण आहे त्याला ‘सीडर’ म्हणतात, तो नुसता देत बसतो.

म्हणजे तुम्हाला किती वेगाने मिळणार, हे दोन गोष्टींवर ठरतं. तुम्ही किती देता, आणि किती जणांशी तुमची जोडणी होऊ शकते. फायरवॉलचा संबंध या दुसऱ्या गोष्टीशी आहे.

दोन संगणकांची जोडणी व्हायची तर आधी कुणीतरी हाक मारावी लागते आणि समोरच्याने ओ द्यावी लागते. एकदा जोडणी झाली की माल दोन्ही दिशांनी जातो, पण पहिली हाक कुणाची, हे महत्त्वाचं. फायरवॉलचं काम जकात नाक्यावरच्या कारकुनासारखं असतं. (नाका म्हटलं की मुरबाडकराला नाणेघाट आठवणारच. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा सातवाहनांच्या काळचा हा रस्ता, आणि वरच्या तोंडाशी तो दगडी रांजण, जो जकातीसाठी होता असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं.) आतून बाहेर कोण गेलं, कुणाकडे गेलं, हे कारकून वहीत लिहून ठेवतो. त्या जागेहून उत्तर आलं की वहीत नोंद सापडते आणि उत्तर आत सोडलं जातं. वहीत नोंद नसलेला कुणी बाहेरून आला की त्याला परत पाठवलं जातं. यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप, बँक, सगळीकडे पहिली हाक आपणच मारतो, म्हणून तिथे फायरवॉल कधी आड येत नाही. टोरंटमध्ये मात्र बाहेरचे लोक आपल्याला हाक मारू पाहतात, आणि ते दारातूनच परत जातात.

आता शहापूर-मुरबाडमधल्या एखाद्या घरात अशी किती दारं असतात? बहुधा तीन. पहिलं संगणकातलंच, विंडोज फायरवॉल. दुसरं भिंतीवर लावलेल्या राउटरमधलं. आणि तिसरं दिसत नाही, कारण ते घरात नाहीच. ते केबलवाल्याच्या किंवा त्याला इंटरनेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या यंत्रात, कल्याणला, ठाण्याला किंवा आणखी कुठे असतं. ‘फायरवॉल बंद करू का’ विचारणारा माणूस पहिलं दार सताड उघडत असतो. उरलेली दोन तशीच बंद राहतात. वेग वाढत नाही, आणि घरातल्या वायफायवर असलेल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, कॅमेऱ्याला त्याच्या संगणकात डोकवायची सोय तेवढी होते.

हे तिसरं दार का आलं, त्याची कथा पत्त्यांच्या टंचाईची आहे. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला क्रमांकाचा एक पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही-४चा पत्ता ३२ बिटांचा असतो, आणि असे एकंदर पत्ते होतात ४२९ कोटींच्या आसपास. १९८०च्या सुमारास ते न संपणारे वाटले, म्हणून वाटपही सढळ हाताने झालं. अमेरिकेतल्या एकट्या एमआयटी या संस्थेकडे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते होते. त्यांतले बरेचसे तिने २०१७ च्या सुमारास विकायला काढले. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. तोवर मोठे वाटे होऊन गेले होते. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले, आणि आशिया-प्रशांत विभागाचा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आला. आपल्या गावांत फायबर येऊ लागली ती त्याच्या कितीतरी नंतर. ग्रामपंचायती फायबरने जोडायच्या राष्ट्रीय योजनेला, जिला पुढे भारतनेट नाव मिळालं, मंजुरीच मुळी ऑक्टोबर २०११ ची. पंगत उठल्यावर आपण पान मांडलं.

टंचाईवर तोडगा म्हणून पत्ते वाटून घेणं आलं. एकाच खऱ्या पत्त्यामागे अनेक यंत्रं लपवायची ही युक्ती १९९४ पासून लेखी स्वरूपात आहे. घरातल्या राउटरमध्ये तीच चालते. तुमच्या फोनला, संगणकाला १९२.१६८ ने सुरू होणारा घरगुती पत्ता मिळतो, आणि बाहेर जाताना राउटर त्यावर आपला पत्ता चिकटवतो. पुढे पुरवठादारांनी हीच युक्ती गावाच्या पातळीवर नेली. शेकडो घरं एका खऱ्या पत्त्यामागे. या व्यवस्थेसाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते जगभर राखून ठेवण्यात आले. म्हणजे तुमच्या राउटरला मिळालेला पत्तासुद्धा खरा नसतो. मोठ्या चाळीत सगळ्यांचं टपाल एकाच नावाने यावं आणि खालच्या भय्याने ओळखीवर वाटावं, तसं. तुम्ही पत्र पाठवून उत्तर मागवलंत तर त्याला आठवतं. अनोळखी माणसाने आपणहून पाठवलेलं पत्र कुठल्या खोलीत द्यायचं हे त्याला कळायचा मार्गच नाही. त्याचा यात काही दुष्टपणा नाही.

तुमचं घर कुठल्या प्रकारात मोडतं ते दोन मिनिटांत तपासता येतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून राउटरच्या पानावर जा (काही राउटरना शेवटून दुसरा आकडा ० असतो, राउटरच्या पाठीवर छापलेलं असतं). तिथे ‘स्टेटस’मध्ये वॅन आयपी नावाचा पत्ता दिसेल. मग गूगलला ‘माझा आयपी’ असं इंग्रजीत विचारून बाहेरच्या जगाला तुमचा कुठला आयपीव्ही-४ पत्ता दिसतो ते पाहा. दोन्ही जुळले तर पत्ता तुमचा आहे, आणि पुढची सगळी मेहनत सार्थकी लागेल. वॅन आयपी १०० आणि त्यापुढे ६४ ते १२७ मधल्या आकड्याने किंवा नुसत्या १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही चाळीत आहात. वॅन आयपीच १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा केबलवाल्याने बसवलेल्या फायबरच्या डब्याला तुम्ही बाजारातून आणलेला दुसरा राउटर जोडला आहे. दोन दारं घरातच झाली. नव्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, एक दार कमी होईल, आणि तपासणी पुन्हा करा.

पत्ता तुमचा निघाला असं धरू. मग काम घरातल्या दोन दारांना एकेक खिडकी पाडायचं आहे, दारं काढून टाकायचं नाही. क्यूबिटटोरंट हे मोफत सॉफ्टवेअर मी सगळीकडे वापरतो, म्हणून त्यातले शब्द सांगतो. ऑप्शन्समधल्या कनेक्शन या भागात ‘येणाऱ्या जोडण्यांचा पोर्ट’ असतो. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरच्या खोलीचा क्रमांक. जुनी पुस्तकं ६८८१ ते ६८८९ सांगतात. ते टाळा, कारण टोरंटचा वेग दाबणारे पुरवठादार पहिल्यांदा तेच क्रमांक पाहायचे. ४९१५२ ते ६५५३५ मधला कुठलाही एक निवडा आणि तोच कायम ठेवा. मग राउटरमध्ये आपल्या संगणकाचा घरगुती पत्ता पक्का करा, ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ नावाने ही सोय असते. नाही तर वीज जाऊन आल्यावर संगणकाला दुसराच पत्ता मिळतो आणि पाडलेली खिडकी भलत्याच्या खोलीत उघडते. त्यानंतर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’, काही राउटरवर ज्याला ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ म्हणतात, तिथे तो एकच पोर्ट त्या संगणकाकडे वळवा, टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी. पासवर्ड केबलवाल्याकडे असेल तर त्याला फोन करून हे एवढंच करून मागा.

विंडोजच्या दाराशी जे होतं ते मजेशीर आहे. टोरंटचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की विंडोज विचारतं, याला परवानगी द्यायची का? घाईत पुष्कळ जण ‘कॅन्सल’ दाबतात. त्यांना वाटतं आपण काहीच ठरवलं नाही. विंडोज मात्र त्या सॉफ्टवेअरला अडवण्याचा पक्का नियम लिहून मोकळं होतं. दुसरी गफलत जाळ्याच्या प्रकाराची. परवानगी ‘प्रायव्हेट’ जाळ्याला दिलेली असते आणि घरचं वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं असतं. या दोन्हींवर इलाज एकच : फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत जाऊन त्या सॉफ्टवेअरची नोंद शोधायची, अडवणारा नियम काढायचा, आणि घरच्या जाळ्याचा प्रकार प्रायव्हेट करायचा. फायरवॉल चालूच राहते.

राउटरमध्ये यूपीएनपी नावाची एक स्वयंचलित सोय असते. सॉफ्टवेअर स्वतःच राउटरला सांगून खिडकी पाडून घेतं आणि तुम्हाला काही करावं लागत नाही. सोयीची आहे, पण मी ती बंद ठेवतो. जी सोय टोरंटला मिळते तीच घरातल्या स्वस्तातल्या कॅमेऱ्याला आणि त्यात शिरलेल्या विषाणूलाही मिळते. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या विषाणूने जगभरचे घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते एवढ्याच भांडवलावर. त्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांना काही तास लोळवलं. आज आपल्याकडे किराणा दुकानापासून पोल्ट्रीपर्यंत सगळीकडे कॅमेरे बसले आहेत, आणि पासवर्ड तेच आहेत. राउटरमधल्या ‘डीएमझेड’ या पर्यायाचीही तीच गत. तो एका संगणकाची सगळी पासष्ट हजार दारं एका झटक्यात उघडतो. टोरंटला एक पुरतं.

खिडकी उघडली की नाही, हे क्यूबिटटोरंटच्या खालच्या पट्टीतल्या चिन्हावरून कळतं. त्याहून पक्की खूण म्हणजे जोडलेल्या लोकांच्या यादीत ‘फ्लॅग्ज’च्या रकान्यात मोठ्या लिपीतलं ‘आय’ हे अक्षर. ते दिसलं, म्हणजे त्या माणसाने बाहेरून हाक मारली आणि ती तुमच्यापर्यंत पोहोचली.

याने वेग किती वाढतो? खरं सांगायचं तर उबुंटूसारख्या लोकप्रिय फाइलीला फारसा नाही. तिथे शेकडो उघड्या दारांचे लोक असतात, तुम्ही त्यांना हाक मारता आणि काम होतं. अशा फाइलीलाही वेग नसेल तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. पुष्कळदा तो अपलोडचा असतो. माल मिळाल्याच्या पोचपावत्याही अपलोडच्याच वाटेने जातात. तुम्ही ती वाट पूर्ण भरून टाकली की पावत्या अडकतात आणि समोरचा पाठवायचा हात आखडतो. सॉफ्टवेअरमध्ये अपलोडला तुमच्या मोजलेल्या अपलोड वेगाच्या साधारण ऐंशी टक्क्यांची मर्यादा घाला. शून्याजवळ आणू नका, सावडीचा हिशेब वर सांगितलाच आहे. दुसरा दोष स्वस्त राउटरच्या वहीचा. क्यूबिटटोरंट एका वेळी पाचशे जोडण्यांची मुभा घेऊन येतं. छोट्या राउटरची वही तेवढ्याने भरते, आणि मग टोरंटच काय, घरातल्या मुलाचा ऑनलाइन क्लासही थांबतो. ही संख्या दीडशेवर आणली की पुष्कळ घरांत ‘नेट बंद पडतं’ ही तक्रार थांबते. आणि राउटर ओटीवर, संगणक माजघराच्या पलीकडे, मध्ये दगडी भिंत, असा प्रकार असेल तर वायफायला दोष न देता वायर ओढावी.

खिडकीचा खरा फरक पडतो तो दुर्मीळ फाइलीला, जिथे देणारे दोन-चारच आहेत. आणि इथे मला ज्यात खरा रस आहे तो भाग येतो. मराठीतल्या, त्यातही आपल्या भागातल्या गोष्टींना देणारे नेहमी दोन-चारच असतात.

किन्हवलीकडच्या एका शिक्षकांनी ठाकर आणि कातकरी पाड्यांवरच्या वयस्कर बायांची लग्नातली गाणी त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करून ठेवली आहेत, व्हिडिओसह चाळीसेक जीबी. मुरबाडमधल्या त्यांच्या एका सहकाऱ्याला ती हवी होती. मी दोघांकडे टोरंटची व्यवस्था लावून दिली. दोघांकडे फायबर, दोघांचे संगणक चालू, आणि दोन दिवस आकडा शून्य टक्क्यावर. दोघेही चाळीत होते. याने हाक मारली तर त्याच्या दारातून परत, त्याने मारली तर याच्या. कुणा तिसऱ्याच्या मध्यस्थीने दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना हाक मारून दार फसवण्याची एक युक्ती टोरंटमध्ये आहे, पण तिला मध्यस्थ म्हणून दोघांशी आधीच जोडलेला तिसरा लागतो, आणि पुरवठादाराची यंत्रणा दर जोडणीला वेगळा पोर्ट देत असेल तर तिचाही उपयोग होत नाही. शेवटी पहिली प्रत हार्ड डिस्कवर एसटीने गेली.

या व्यवस्थेत घेणं सगळ्यांना जमतं, देणं फक्त पत्ता असलेल्यांना. मुंबईच्या सर्व्हरवरून सिनेमा बघायला शहापूरच्या माणसाला काही अडचण नाही. त्याने स्वतः केलेली गोष्ट शेजारच्या तालुक्याला थेट द्यायची म्हटली की त्याला जागाच नाही. ती आधी कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवायची, त्यांच्या जागेच्या मर्यादेत, त्यांच्या अटींवर, आणि मग दुसऱ्याने उतरवायची. भातसा आणि तानसा आपल्याच तालुक्यात असताना उन्हाळ्यात पाड्यांना टँकर का लागतो, या प्रश्नाची ज्यांना सवय आहे त्यांना ही मांडणी नवीन वाटणार नाही.

त्या शिक्षकांच्या बाबतीत तोडगा निघाला तो नात्यातून. त्यांच्या कल्याणच्या भाच्याकडे खरा पत्ता होता. त्याच्या जुन्या संगणकावर वर सांगितल्याप्रमाणे एक खिडकी पाडली आणि गाण्यांची एक प्रत तिथे ठेवली. आता किन्हवलीचा संगणक कल्याणला हाक मारतो, मुरबाडचाही कल्याणलाच मारतो, आणि नवीन रेकॉर्डिंग दोघांकडे पोहोचतं. घोळक्यात एक जरी उघड्या दाराचा असला तरी बाकीच्या बंद दारांचं भागतं. ज्यांना असा भाचा नाही त्यांनी पुरवठादाराकडे ‘स्टॅटिक आयपी’ मागावा. त्याला वेगळे पैसे पडतात. प्रत्येक घराला तो परवडायचा नाही, पण एखाद्या वाचनालयाने किंवा हायस्कूलने घेतला तर त्याच्या आधाराने आजूबाजूच्या पंचवीस घरांचं देणं-घेणं चालू शकेल.

दुसरा मार्ग आयपीव्ही-६चा. ही नवी पद्धत १९९५ पासून कागदावर आहे. हिचा पत्ता १२८ बिटांचा, त्यामुळे टंचाईचा प्रश्नच नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पत्ता मिळतो, चाळ नाही आणि भय्याही नाही. गंमत म्हणजे या बाबतीत भारत मागे नाही, जगात पुढच्या रांगेत आहे. २०१६ मध्ये जिओ आलं ते आयपीव्ही-६ घेऊनच, आणि आज देशातला निम्म्याहून जास्त वापर या पद्धतीने होतो. उशिरा आल्याचा हा एक फायदा. जुने पत्ते नव्हतेच, म्हणून नवे घ्यावे लागले.

पण इथेही राउटरचा कारकून असतो, आणि तो असायलाच हवा. आयपीव्ही-६ मध्ये पत्ता खरा असल्यामुळे राउटरची फायरवॉल काढली तर घरातला टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर सगळेच रस्त्यावर येतात. चांगल्या राउटरमध्ये एका यंत्राच्या एका पोर्टपुरती आयपीव्ही-६ची वाट उघडता येते, तेवढीच उघडावी. पुरवठादाराने फुकट दिलेल्या काही डब्यांत मात्र ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच दोन पर्याय असतात. तिथे ‘चालू’च ठेवावं आणि राउटर बदलण्याचा विचार करावा. हेही लक्षात ठेवावं, की समोरच्याकडे आयपीव्ही-६ असेल तरच ही वाट उपयोगी, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पत्ता मिळाला तरी बाहेरून येणाऱ्या हाका कंपनीच्या जाळ्यातच बहुधा अडतात.

केबलवाल्याशी बोलताना माझा अनुभव असा, की ‘टोरंटचा स्पीड वाढवा’ म्हटलं की संभाषण संपतं. वायर जोडायला येणारा मुलगा म्हणतो, ‘काका, ते आमच्याकडून होत नाही,’ आणि त्याचं खरंही असतं. त्याऐवजी तीन नेमके प्रश्न त्याच्या वरच्या ऑफिसला विचारावेत. आमच्या लाइनवर आयपीव्ही-६ सुरू आहे का, नसेल तर कधी करणार? स्टॅटिक आयपीला महिन्याला किती? आणि आमचा स्वतःचा राउटर लावायचा असेल तर तुमचा डबा ‘ब्रिज’ मोडवर टाकून द्याल का? पहिल्या प्रश्नाला सरळगावच्या एका छोट्या पुरवठादाराने मला आधी ‘ते काय असतं’ असं विचारलं होतं. दीड महिन्याने त्याने स्वतः फोन केला. त्याच्या यंत्रात ती सोय आधीपासून होती, कुणी कधी मागितली नव्हती म्हणून सुरू केलेली नव्हती.